गाईचं तूप फिकट दिसलं म्हणजे भेसळ का?

पारोळेकर : काल इथे कुणीतरी लिहिलं, "गाईचं तूप पिवळंधमक आणि रवाळच असतं. पांढरट दिसलं की वनस्पती तूप मिसळलंय समजा." वाचून डोकं भणभणलं. बहिणीच्या बाळंतपणाला आईने घरच्या दोन गाईंचं तूप कढवून पाठवलं होतं. वैशाखातलं. हिरवा चारा नाही, नुसता कडबा आणि सरकी ढेप (कापसाच्या बियांची पेंड), म्हणून तूप फिकट उतरलं. सासूबाईंनी डबा उघडला आणि म्हणाल्या, "विकतचं भरून पाठवलं." आईने त्यानंतर तिकडे तूप धाडलं नाही. अहो, पिवळेपणा हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनचा. गाय ते तसंच दुधात उतरवते, म्हैस त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं पांढरं. चारा वाळला की गाईचंही फिकट होणारच.

धुळ्याची सून : दादा, तुमच्या आईंबद्दल बोलत नाही. पण आमच्या दारात गाय नाही, दुकानातून घ्यावं लागतं. डोळ्यांशिवाय आमच्याकडे आहे काय? मागच्या दिवाळीला मेणासारखं पांढरं तूप गाईचं म्हणून गळ्यात मारलं. वरणबट्टीवर घातलं तर टाळूला चिकटलं, पाहुण्यांसमोर मान खाली गेली. तेव्हापासून पिवळं आणि दाणेदार असेल तरच घेते.

भुसावळ लॅब : ताई, तिथेच फसाल. शेंद्रीचा रंग घातला की काहीही पिवळं दिसतं. रवा पडतो तो तूप सावकाश निवलं तर. गरम डबा थेट फ्रीजमध्ये ठेवा, गुळगुळीत बसेल. म्हशीच्या तुपाचा रवा तर आणखी मोठा. आणि मे महिन्यात आपल्याकडे 44 अंशात रवा शोधणार कुठे? भेसळ पकडायची म्हणूनच वनस्पती तुपात तिळाचं तेल घालायची सक्ती केली होती. आम्ल आणि साखर टाकली की ते लाल होतं. पामतेल मिसळलं असेल तर मात्र ही चाचणीही कामाची नाही.

अप्पा चोपडा : ते राहू द्या. मूळ दुखणं ढेप आहे. सरकी खाणाऱ्या गाईचं तूप कडक होतं, वास नाही. आजोबांच्या गाई तापीकाठी चरायच्या. जेवून हात धुतला तरी बोटांना वास राहायचा. ढेपेचं तूप मी गाईचं मानतच नाही.

यावल गोठा : काय बोली राहिना अप्पा? चराईचं रान उरलंय कुठे? सगळीकडे केळी. ढेप बंद केली आणि फॅट 3.5 च्या खाली गेलं की डेअरी दर कापते, ते पैसे तुम्ही देणार? कापसाच्या मुलखात गाय सरकी नाही खाणार तर काय खाणार! तूप कडक होतं हे खरं. म्हणूनच कापूसपट्ट्यातल्या तुपाला शुद्धतेचे आकडे वेगळे ठरवले होते. कायद्याने मान्य केलं, तुम्हालाच पटत नाही.

अप्पा चोपडा : कायद्याने चव येत नाही.

यावल गोठा : पहाटे चारला उठून शेण काढा, मग चवीचं बोला. पोत्याचा भाव दर हंगामाला चढतो, दुधाचा जागेवर.

धुळ्याची सून : तुमची ढेप संपली असेल तर सांगा, मी तूप ओळखू कसं?

यावल गोठा : ताई, हिशेब करा. गाईचं 28-30 लिटर दूध आटापिटा करून किलोभर तूप देतं. लिटरला 30 रुपये धरले तरी दूधच 900 चं. वर जळण, मेहनत.

धुळ्याची सून : डेअरीवाले साय काढून उरलेलं दूधही विकतात, ते धरलं का?

यावल गोठा : बरोबर, त्यांना थोडं स्वस्त पडतं. घरी लोणी काढणाऱ्याला उरतं फक्त ताक. तरी 500 ला कुणी देत असेल तर पिवळं असो, रवाळ असो, उचलू नका.

धुळ्याची सून : दिवाळीचं ते तूप 480 ला घेतलं होतं. हिशेब मानते. पण वास घेतल्याशिवाय पांढरं घरात येणार नाही.

पारोळेकर : एवढंच म्हणत होतो, ताई. वास घ्या, चव घ्या, मग बोला. अप्पा, पोळ्यानंतर हिरव्या चाऱ्यावरचं तूप आणतो, शेजारी वैशाखातलंही ठेवतो. गाई त्याच, ढेप दोन्ही वेळा. डोळे मिटून चाखा.

अप्पा चोपडा : आणा. चाखतो. वैशाखातलं चांगलं लागलं तर तसं इथेच लिहीन. पण ढेपेबद्दल बोललो ते मागे घेत नाही.