देठ धरणाऱ्या अँटिबॉडी

फ्लूचा विषाणू दरवर्षी रूप बदलतो, त्यामुळे सगळ्या प्रकारांवर चालणारी अँटिबॉडी मिळणारच नाही, असं बरेचदा ऐकायला मिळतं. पण अशा अँटिबॉडी सापडल्या आहेत! विषाणूच्या पृष्ठभागावरच्या हिमॅग्लुटिनिन प्रथिनाला वर डोकं असतं, खाली देठ. आपल्या बहुतेक अँटिबॉडी डोक्याला चिकटतात आणि नेमकं तेच सतत बदलतं. देठ फारसा बदलत नाही, कारण विषाणूचं आवरण पेशीच्या पटलाशी एकजीव करण्याचं काम त्याचं. तिथे गडबड झाली तर विषाणूचंच अडतं.

देठ धरणारी सी१७९ ही अँटिबॉडी जपानी संशोधकांनी १९९३ मध्येच दाखवली होती. मला मात्र २०१२ची सीआर९११४ जास्त विलक्षण वाटते. तिने उंदरांना ए आणि बी, या फ्लूच्या दोन्ही मुख्य प्रकारांपासून वाचवलं, पण प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या चाचणीत बी विषाणूला ती रोखतच नाही. म्हणजे शरीरात ती बहुधा बाधित पेशींवर खूण करते आणि पुढचं काम इतर प्रतिकारपेशी उरकतात. नुसत्या परीक्षानळीवर विसंबलो असतो, तर ही हातची गेली असती.

माणसांत अजून पक्कं यश नाही. व्हीआयआर-२४८२ या देठावरच्याच अँटिबॉडीने २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीचं मुख्य उद्दिष्ट गाठलं नाही. वाईट वाटलं.