अनुभव धागा: बायको-मुलं, आई-वडील घेऊन परदेशी जाताना केलेली कागदपत्रं

एकटा माणूस परदेशी निघतो तेव्हा कंपनीचा वकील सांगेल ते सही करून मोकळा होतो. कुटुंब निघालं की कपाटाच्या तळाशी पडलेली फाईल बाहेर येते. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाची नोंद, आणि प्रत्येकावर नाव वेगळं. ओळखीच्या घरांमध्ये हे इतक्यांदा बघितलं की आता मला वाटतं, व्हिसा वकिलातीत अडतो असं आपण म्हणतो खरं, पण तो अडलेला असतो वॉर्ड ऑफिसात नाहीतर ग्रामपंचायतीत, आणि तेही वीस-तीस वर्षांपूर्वीच.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा. देश आणि साल टाका, कारण नियम बदलत राहतात. एजंटांची नावं आणि नंबर नकोत.

सुरुवात मीच करते.

पुणे, आता म्युनिक (२०२३)

नवऱ्याला ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा तिथला परवाना) मिळालं होतं, त्यामुळे मला जर्मन भाषेची ए-वन, म्हणजे सगळ्यात सुरुवातीची परीक्षा माफ होती. लग्नाचं प्रमाणपत्र मात्र हवंच. सासरी कोणाच्याच लग्नाची नोंद झालेली नव्हती. पत्रिका, कार्यालयाची पावती, फोटोंचे दोन अल्बम, एवढ्यावर सगळ्यांचे संसार चाललेले. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी होते, तीन साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते. साक्षीदार मिळाले, गुरुजी मिळेनात. कार्यालयवाल्यांकडून कळलं की ते आता मुलाकडे नाशिकला असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका पाठवल्यावर म्हणाले, "आठवत नाही हो, पण पत्रिकेवरचा मुहूर्त मीच काढलेला दिसतोय." सही दिली.

प्रमाणपत्र 'नमुना ई'मध्ये मिळतं. ते हातात आल्याबरोबर एजंटनं अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून घ्यायच्या सरकारी शिक्क्याचा आग्रह धरला. इथे सावध राहा. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या हेग करारात आहे, पण जर्मनीनं भारताच्या प्रवेशाला हरकत घेतलेली आहे. म्हणजे भारतीय अपोस्टिल जर्मनीत त्या कराराच्या जोरावर चालत नाही. शंका आली तर त्यांची वकिलात स्वतःच्या वकिलाकडून कागदाची पडताळणी करून घेते. आधी वकिलातीची यादी वाचा आणि मगच शिक्क्यांवर पैसे घाला.

सांगली जिल्हा (मुलगा-सून जर्मनीत)

ताईंनी पडताळणीचं लिहिलंय, ती आमच्याकडे झाली. मी मुलाचा बाप, गावीच असतो. एक दिवस शर्ट-पॅन्टमधला पोरगा ग्रामपंचायतीत आला, ग्रामसेवकाला म्हणाला, विवाह नोंद रजिस्टर दाखवा. पानाचा फोटो घेतला, अनुक्रमांक ताडून बघितला. मग शेजारच्या घरी जाऊन विचारलं की हे दोघं नवरा-बायको आहेत का, लग्न कुठं झालं. शेजारीण म्हणाली, "जेवणाला मीच वाढप केलंय, मला काय इचारता." ते त्यानं लिहून घेतलं म्हणे. शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवा, नाहीतर लोक घाबरून 'आम्हाला माहीत नाही' म्हणतात.

सातारा, आता शारजा (२०२२)

आखातात प्रकार वेगळा. संयुक्त अरब अमिराती अपोस्टिलच्या करारात नाही. म्हणून साखळी लागते: आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग दिल्ली किंवा मुंबईतली त्यांची वकिलात, आणि तिकडे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. एक कडी राहिली तर पुढचा हात लावत नाही. कुटुंब बोलवायला पगार किमान ४००० दिरहम लागतो, किंवा ३००० आणि राहायची सोय. तेवढ्यावर ह्यांचं भागत होतं.

अडलं ते भलत्याच गोष्टीवर. माझ्या सासऱ्यांना कागद जपायची फार हौस. आमचं लग्नाचं प्रमाणपत्र, माझं डिग्री सर्टिफिकेट, मुलांचे जन्मदाखले, सगळं लॅमिनेट केलेलं! लॅमिनेशनवर शिक्का बसत नाही, त्यामुळे खिडकीवरचा माणूस कागद उलटाही करत नाही. कोणीतरी सांगितलं इस्त्री फिरवा, सुटतं. एका झेरॉक्सवर फिरवून पाहिली, शाई प्लॅस्टिकबरोबर निघून आली. दाखल्यांच्या नव्या प्रती मिळतात, त्या काढल्या. डिग्रीची दुय्यम प्रत विद्यापीठातून काढावी लागली आणि त्याला खरा वेळ गेला.

मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघा. तिकडच्या शाळा मागतात, आणि मे महिन्यात इकडे ऑफिसात सापडेल तो नशीबवान.

ठाणे, आता लीड्स (२०२४)

माझं नाव ज्ञानेश्वर. एवढ्यावरच निम्म्या लोकांना कळलं असेल. शाळेत डीएनवायनं सुरू होतं, आधारवर जीवायनं, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर हॉस्पिटलच्या बाईंनी जेएनवर आणून ठेवलेलं. ब्रिटनचा व्हिसा अधिकारी तीन स्पेलिंगांमधून एक बाप कसा ओळखणार?

मला दोन-तीन जणांनी सांगितलं की राजपत्रात नाव बदलाची जाहिरात देऊन टाक. माझं मत विरुद्ध आहे. पासपोर्ट हा खुंटा, बाकीचे कागद त्याला आणून बांधायचे. पासपोर्टवर जे आहे तेच ठेवलं आणि जन्मदाखल्यात दुरुस्ती करून घेतली. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली ती करता येते. माझा पासपोर्ट, शाळेचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र लावलं. राजपत्र खरंच नाव बदललंय त्याच्यासाठी आहे. स्पेलिंगसाठी काढलंत तर पुढे प्रत्येक फॉर्मवर 'पूर्वीचं नाव' हा रकाना आयुष्यभर भरत बसाल.

पैशाचं आधी कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो. आरोग्य अधिभार, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळावी म्हणून भरायचे पैसे, मोठ्या माणसाला वर्षाला १०३५ पौंड, मुलाला ७७६. आम्ही चौघं, व्हिसा तीन वर्षांचा: १०,८६६ पौंड, अर्ज करतानाच, एकरकमी. व्हिसाची फी वेगळी. कंपनी किती देणार हे ऑफर लेटरवर सही करण्याआधी विचारा. क्षयरोगाची तपासणीही सगळ्यांना, त्यांनी मान्य केलेल्या दवाखान्यातच. प्रमाणपत्र सहा महिने चालतं, फार आधी करून ठेवू नका.

नागपूर (बाळाचा पासपोर्ट, २०२५)

माझं थोडक्यात. हॉस्पिटल जन्माची नोंद बारशाच्या आधीच पाठवून देतं, म्हणून दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी येते. ती भरून घ्या, मगच पासपोर्टकडे वळा. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी जन्मदाखला हाच पुरावा चालतो, दुसरा नाही.

चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो आपणच न्यायचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा. आमच्या स्टुडिओवाल्यानं टेबलावर पांढरी चादर टाकली, बाळाला आडवं ठेवलं आणि स्वतः स्टुलावर चढून वरून फोटो काढला. डोळे उघडे हवेत आणि धरणाऱ्याचा हात दिसायला नको. सासूबाई खुळखुळा घेऊन स्टुडिओवाल्याच्या खांद्यामागे उभ्या. बाळ खुळखुळ्याकडे बघायचं सोडून स्टुडिओवाल्याच्या टकलाकडे एकटक बघत होतं, तोच फोटो पास झाला.

आई-वडील दोघांच्या सह्यांचं संमतीपत्र, म्हणजे अ‍ॅनेक्शर डी लागतं. नवरा आधीच परदेशी गेला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून मागवायला सांगतात. म्हणून बाळाचा पासपोर्ट करून मगच बाबांना विमानात बसवा. फी १००० रुपये, मुदत पाच वर्षं. आमच्याकडे चिपवाला ई-पासपोर्ट आला, त्याची सुरुवात देशात नागपूर आणि भुवनेश्वरहूनच झाली होती.

नाशिक, आता मेलबर्न

मी घटस्फोटित, मुलगी सोबत. साल लिहीत नाही.

पासपोर्टसाठी अ‍ॅनेक्शर सी (एकट्या पालकानं द्यायचं प्रतिज्ञापत्र) भरलं, कोर्टाचा हुकूम जोडला, झालं. २०१६ च्या बदलांनंतर पासपोर्टवर एकाच पालकाचं नाव चालतं. ऑस्ट्रेलियानं मात्र वडिलांची संमती मागितली. अठराच्या आतल्या मुलासाठी १२२९ नंबरचा फॉर्म असतो, त्यावर दुसऱ्या पालकाची सही लागते, नाहीतर ती का लागणार नाही हे दाखवणारा हुकूम. माझ्या हुकमात 'ताबा आईकडे' एवढंच होतं. परदेशी नेण्याबद्दल शब्द नव्हता. त्या एका वाक्यासाठी पुन्हा कौटुंबिक न्यायालय.

संमतीनं वेगळं होत असाल तर अटींच्या मसुद्यात आत्ताच लिहून घ्या: पासपोर्ट काढणे, नूतनीकरण, परदेशी प्रवास आणि तिथे वास्तव्य, ह्या चारही गोष्टींना हरकत नाही. वकील आपणहून घालत नाहीत. जाणारच नाही असं तेव्हा सगळ्यांनाच वाटत असतं.

कोल्हापूर (खरं तर ऑस्टिन)

आम्ही अमेरिकेतून पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का घ्यायला आलो आणि अडकलो. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-फोर (त्यांच्या बायको-मुलांचा) वाल्यांच्या सोशल मीडियाची तपासणी सुरू झाली आणि डिसेंबरातल्या पुष्कळ अपॉइंटमेंटा थेट पुढच्या वर्षात ढकलल्या. आमच्याही. अकाउंट सगळी खुली करून ठेवायला सांगतात. माझ्या बायकोचं इन्स्टाग्राम म्हणजे पुरणपोळ्या आणि पैठण्या, बघू देत बापडे. मुलांची शाळा तिकडे, मुलं इकडे आजोळी. सध्या तरी भाचीच्या लग्नासाठी व्हिसाचा शिक्का पणाला लावू नका, एवढंच म्हणेन.

टोकियो

आमचं बाळ इथे झालं. जपानमध्ये जन्मलं म्हणून नागरिकत्व मिळत नाही, बाळ भारतीयच. १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात जन्मनोंद, ३० दिवसांच्या आत बाळाच्या राहण्याच्या परवान्यासाठी इमिग्रेशनला अर्ज. भारतीय पासपोर्ट तोवर हातात येत नाही. तो नसला तरी अर्ज घेतात, मागून दाखवायचा. भारतीय दूतावासातली जन्मनोंद वर्षाच्या आत करायची. रांगेत पुढे-मागे मराठीच ऐकू येतं.

न्यू जर्सी (आई-बाबांचं ग्रीन कार्ड)

मी अमेरिकन नागरिक झालो आणि आई-बाबांसाठी अर्ज टाकला. मी त्यांचा मुलगा आहे हे सिद्ध करायचं होतं. माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव सुमन. पासपोर्टवर वैशाली. लग्नात सासरी नाव बदललं, तांदळात लिहिलं, आणि सगळं गाव वैशाली म्हणायला लागलं. पण पहिलं बाळंतपण माहेरी झालं, आणि तिथल्या दवाखान्यात मामानं जाऊन सांगितलं, "सुमनला मुलगा झाला." तेच रजिस्टरला लागलं. १९७८ मधलं लग्न, नोंदणी नाही. सुमन आणि वैशाली एकच, असं आईचं प्रतिज्ञापत्र केलं. जोडीला लग्नपत्रिका, तिच्यावर देवाच्या कृपेनं कंसात 'माहेरचे नाव' छापलं होतं.

बाबांचा जन्म १ जूनचा. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा १ जूनचाच, कारण शाळेत घालताना मास्तरांनी ठरवला. जन्मदाखला नाही. अशा वेळी नोंद उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र काढायचं आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची दोन शपथपत्रं जोडायची. एक थोरल्या आत्याचं. तिला नोटरीकडे नेलं तर ती ठासून म्हणाली, "एक जून? छे! हा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचा. मी ओवाळून उठले आणि आईला कळा सुरू झाल्या." नोटरी पेन खाली ठेवून बघत राहिला. आत्याची सही तशीच राहिली आहे. बाबांचा पासपोर्ट, पेन्शन, सगळं १ जून. कोणी असं निस्तरलं आहे का?

तालुक्याच्या गावातून (तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त)

न्यू जर्सीच्या भाऊंना. नोंद नाहीच असं प्रमाणपत्र घेण्याआधी तहसीलला एकदा बघून या. सध्याचा नोंदणी कायदा १९६९ चा. त्याआधीच्या गावच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये सापडतात, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जुनी पानं मोडीत आहेत, वाचणारा न्यावा लागेल. कागद हात लावला की तुटतो, म्हणून ऑफिसं टाळाटाळ करतात, पण अर्ज दिला तर नक्कल मिळते. अर्जात गाव, बापाचं पूर्ण नाव आणि अंदाजे दोन-तीन वर्षं लिहा. 'वडिलांचा जन्मदाखला मिळावा' असं लिहिलंत तर 'नाही' म्हणून परत येईल. 'नमुना १४ ची नक्कल मिळावी' असं लिहा.

न्यू जर्सी

काका, आभारी आहे. चुलतभावाला पाठवलं होतं. नोंद निघाली! आजोबांचं नाव, पुढे 'मुलगा', महिना नोव्हेंबर. म्हणजे आत्या म्हणते ते खरं. आता ही जोडू की १ जूनच चालवू?

तालुक्याच्या गावातून

घाई करू नका. त्या बुकात मुलाचं नाव लिहीत नसत, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. तुमच्या आजोबांना मुलगे किती? ही नोंद तुमच्या वडिलांची की पाठच्या काकांची, हे आधी आत्याबाईंना विचारा, आणि कोणतं साल ते बघा. वडिलांचीच निघाली तर 'नोंद उपलब्ध नाही' हे प्रमाणपत्र तुम्हाला घेता येणार नाही. मग तारखेतल्या फरकाचं तिकडच्या वकिलाला विचारूनच पुढचा कागद करा.