१३ पैकी १३ जिंकूनही बाहेर: फ्लोरिडा स्टेटचा २०२३चा हंगाम

खडूफळा (धागाकर्ता)

अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघणाऱ्यांसाठी हा धागा. इतका काळ लोटला तरी ३ डिसेंबर २०२३ची दुपार माझ्या डोक्यातून जात नाही. त्या दिवशी निवड समितीने प्लेऑफचे, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदासाठीच्या बाद फेरीचे, चार संघ जाहीर केले : मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस, अलाबामा. फ्लोरिडा स्टेट पाचवा. टेक्सस आणि अलाबामा एकेक सामना हरलेले होते, फ्लोरिडा स्टेट एकही नाही. एसीसी या त्यांच्या कॉन्फरन्सचं (कॉलेज संघांच्या गटाचं) अजिंक्यपदही त्यांच्याकडेच होतं. चार संघांचं प्लेऑफ २०१४ला सुरू झालं, तेव्हापासून पाच मोठ्या कॉन्फरन्सपैकी एखादीचा अपराजित विजेता बाहेर राहिल्याचं हे एकमेव उदाहरण.

कारण सगळ्यांना माहीत आहे. १८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्ध पहिल्याच क्वार्टरमध्ये फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस याच्या पायाला जबर दुखापत झाली. पाय आधारात बांधून त्याला गाडीवरून बाहेर नेलं. तेव्हा संघ पिछाडीवर होता, ०-१३ अशी अवस्था झाली होती. तिथून पुढे ५८ गुण केले आणि प्रतिस्पर्ध्याला एकही गुण दिला नाही. पुढच्या शनिवारी राखीव खेळाडू टेट रोडमेकरला घेऊन फ्लोरिडा या दुसऱ्या संघाला त्यांच्याच मैदानावर २४-१५ हरवलं. त्यात रोडमेकरच्या डोक्याला मार लागला, म्हणून एसीसीच्या अंतिम सामन्यात तिसऱ्या क्रमांकाचा ब्रॉक ग्लेन उतरला. पहिल्या वर्षाचा मुलगा. तरीही लुईव्हिल १६-६ पराभूत.

या मुलांनी आणखी काय करायला हवं होतं?

दूरदेशी

भावना समजतात, पण मी असहमत. समितीचं काम चार सर्वोत्तम संघ निवडायचं होतं, चार सर्वांत गुणी मुलं शोधायचं नव्हतं. महत्त्वाचे खेळाडू उपलब्ध नसतील तर ते विचारात घ्यावं, हे नियमावलीत आधीपासून लिहिलेलं होतं. तुम्ही १६-६ सांगितलंत, ग्लेनचे आकडे नाही सांगितले. २१ पासपैकी ८ पोचले, एकूण ५५ यार्ड. हा संघ मिशिगनच्या बचावासमोर काय करणार होता?

दुसरीकडे अलाबामाने त्याच दिवशी जॉर्जियाला २७-२४ हरवलं. तो जॉर्जिया सलग २९ सामने जिंकून आला होता. त्या वर्षी कुणाच्याही खात्यावर याच्या तोडीचा विजय नव्हता. आणि टेक्ससने अलाबामाला त्यांच्या घरी ३४-२४ हरवलेलं असल्यामुळे टेक्ससला अलाबामाच्या खाली टाकताच येत नव्हतं. म्हणजे एका जागेसाठी दोन उमेदवार उरले. मी समितीत असतो तर माझंही मत अलाबामालाच गेलं असतं, आणि रात्री झोपही लागली असती.

सांजवेळ

दूरदेशी, ग्लेनचे ५५ यार्ड बरोबर, पण त्याच रात्री समोरच्या लुईव्हिलला एकही टचडाऊन करता आला नाही, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेता आला नाही, तेही सांगा ना. जॅरेड व्हर्स, ब्रेडन फिस्क आणि त्यांच्या साथीदारांनी लुईव्हिलच्या क्वार्टरबॅकला श्वास घेऊ दिला नाही. मी तो सामना उभ्यानेच बघितला. बचावफळीने जिंकलेला सामना जिंकलेला धरायचा नाही का?

आणि अलाबामाचा जॉर्जियावरचा विजय मोजायचा, तर त्याच्या आदल्या आठवड्याचा ऑबर्नचा सामनाही मोजा. चौथा डाऊन म्हणजे शेवटचा प्रयत्न, गोलरेषा ३१ यार्ड दूर, अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ उरलेला. तिथे तो पास एंडझोनच्या (गोलरेषेमागच्या पट्ट्याच्या) कोपऱ्यात झेलला गेला म्हणून अलाबामावाले २७-२४ सुटले. समोर कोण? त्याच्या आधीच्या शनिवारी न्यू मेक्सिको स्टेटकडून १०-३१ मार खाल्लेला संघ.

उदाहरणच हवं तर २०१४चं ओहायो स्टेट घ्या. तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक कार्डेल जोन्स. त्याला घेऊन चौथी जागा मिळाली, आणि मग अलाबामाला, ऑरेगनला हरवून विजेतेपद!

दूरदेशी

ते उदाहरण माझ्या बाजूचं आहे हो. कार्डेल जोन्सने पहिल्याच सामन्यात विस्कॉन्सिनला ५९-० धुतलं होतं. संघ तसाच ताकदवान आहे हे समितीला मैदानावर दिसलं. १६-६मध्ये ते दिसलं नाही.

आणि ३० डिसेंबरला ऑरेंज बाऊल या प्लेऑफबाहेरच्या हंगामाअखेरच्या सामन्यात जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा ६३-३ असा निकाल लावला. तो कसा विसरायचा?

पारंबी

६३-३चा दाखला कृपया देऊ नका. त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे दोन डझनांहून अधिक खेळाडू नव्हते. कुणी व्यावसायिक ड्राफ्टसाठी थांबलं, कुणी दुसऱ्या कॉलेजची वाट धरली. खुद्द रोडमेकरही निघून गेला. प्लेऑफ मिळालं असतं तर यातले बहुतेक खेळले असते, निदान माझं तरी ठाम मत तसं आहे. हिरावून घेतल्यानंतरची अवस्था दाखवून हिरावणं योग्य ठरवता येत नाही.

एक मुद्दा अजून कुणी मांडला नाही. अंतिम सामन्यात ग्लेन खेळला, कारण रोडमेकर त्या आठवड्यापुरता बाहेर होता. उपांत्य सामने १ जानेवारीला होते. म्हणजे समितीने ज्या क्वार्टरबॅककडे बघून संघ तोलला, तो तेव्हा कदाचित बाकावर बसला असता.

दूरदेशी

रोडमेकरचा मुद्दा मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ६३-३ही मागे घेतो. पण मत अलाबामालाच. शेवटी रोझ बाऊलमधल्या उपांत्य सामन्यात त्यांनी विजेत्या मिशिगनला जादा वेळेपर्यंत झुंजवलं, २०-२७.

खडूफळा

झुंजवलं, नाकारत नाही. पण हरलेच ना? आपल्याला हे म्हणता येतं, कारण त्यांना मैदानात उतरू दिलं गेलं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते क्रमवारीचं. शेवटच्या शनिवारी फ्लोरिडा स्टेट चौथा होता आणि अलाबामा आठवा. चौथा संघ जिंकला आणि पाचवा झाला. निकालानंतर ट्रॅव्हिसने लिहिलं होतं की माझा पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे हा संघ एकट्या क्वार्टरबॅकचा नाही हे लोकांना दिसलं असतं. पहिल्या सामन्यात एलएसयूला (लुइझियाना स्टेट) ४५-२४ हरवणारा, क्लेमसनला त्यांच्या मैदानावर जादा वेळेत नमवणारा मुलगा पाय मोडल्याबद्दल साथीदारांची जणू माफी मागत होता.

सांजवेळ

पुढच्याच वर्षी प्लेऑफ १२ संघांचं झालं. आणि त्या २०२४च्या हंगामात फ्लोरिडा स्टेटने १२ पैकी २ सामने जिंकले. व्हर्स नाही, फिस्क नाही, ट्रॅव्हिस नाही. दार उघडलं तेव्हा ती मुलं कॉलेजातून निघून गेली होती.