हिप्पी: सगळ्यांचे की आपापले?

रानवाट:
हिप्पी म्हटलं की आपल्याकडे लांब केस, गांजा आणि स्वतःतच मग्न माणसं, विषय संपला. मला हा अन्याय वाटतो. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी वस्तीत 'डिगर्स' नावाच्या गटातली हिप्पी मंडळी रोज चार वाजता बागेत फुकट जेवण वाढायची. तिथे एक भलीमोठी पिवळी लाकडी चौकट उभी असायची. तिच्यातून पलीकडे जायचं, वाडग्यात रस्सा घ्यायचा. नाव-गाव कुणी विचारत नसे. पुढच्या जूनमध्ये डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी त्याच वस्तीत मोफत दवाखाना काढला. आत्ममग्न माणसं असलं काही करतात?

शेवंती:
आणि तो रस्सा शिजवायचं कोण? बाजारातून उरलेली भाजी मागून आणणं, चिरणं, पातेली ढवळणं, बरंचसं बायकांच्याच अंगावर. पत्रकं लिहायला पुरुष. माझी आजी वीस माणसांच्या घरात शेवटी जेवायची. तिथलंही चित्र मला ओळखीचं वाटतं. सगळ्यांचं म्हणायचं आणि राबायचं ठरावीक लोकांनी, याला मी समूहजीवन म्हणणार नाही.

रानवाट:
बायकांबद्दलचं मान्य, पूर्ण मान्य. पण मग अमेरिकेतल्या टेनेसीतलं 'द फार्म' बघ, हिप्पींची सामाईक वसाहत. १९७१ पासून तिथल्या सुईणींनी बाळंतपणं घरच्या घरी केली, बाहेरच्या गरजू बायकांचीही, पैसे न घेता. १९७६ च्या भूकंपानंतर त्यांची माणसं ग्वाटेमालात घरं बांधायला गेली.

शेवंती:
१९८३ मध्ये कर्ज डोईजड झालं आणि सामाईक तिजोरी मोडली, तेही सांग ना. शेकडो लोक निघून गेले.

दर्यावर्दी:
माझ्या आईचं माहेर गोव्यातलं हणजूण, तिथेही हिप्पी येऊन राहायचे. ती सांगते, हे लोक आपसात फार जीव लावून राहायचे. त्यांच्यातला आठबोट्या एडी तर कुणालाही आपल्या घरात ठेवून घ्यायचा, खाऊ घालायचा. पण किनाऱ्यावर नागडं फिरायचे, आणि त्याच वाटेनं आजी मासळीची पाटी घेऊन जायची. ती मान खाली घालून चालायची. गावाला काय वाटतं हे त्यांच्यातल्या कुणी तिला कधी विचारलं नाही. घरभाडं मात्र वेळेवर द्यायचे, आणि त्या पैशांवर मामाचं शिक्षण झालं. म्हणून मला धड रागही धरता येत नाही.

रानवाट:
दर्यावर्दी, आजीचं हे मी धरलंच नव्हतं. पिवळ्या चौकटीतून कुणालाही जाता यायचं म्हणून मला ती आवडते. हणजुण्यात तशी चौकट गावासाठी नव्हती.