रोलरची खूण मध्यात आणू की अरुंद ठेवू?

प्रश्न
इंजिन पूर्ण खोललंय. स्टडवर (हेडमधल्या उभ्या बोल्टवर) बसणारे रोलर टिपचे रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे हात; कॅमवर टेकणारे, तेल भरलेले हायड्रॉलिक लिफ्टर. हेड 0.5 मिमी प्लेन केलं (घासून सपाट), म्हणून पुशरॉड (लिफ्टरपासून रॉकरपर्यंतची काठी) तेवढाच आखूड लागेल असं धरलं होतं. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्कर फासून दोन फेरे फिरवले, तर रोलरची खूण मध्यापासून जरा बाहेर (स्टडपासून लांब) उमटली. ॲडजस्टेबल पुशरॉड लांबवत गेलो. खूण आत सरकली, पण रुंद झाली. कुठे थांबायचं?

उत्तर 1
मध्याचा नाद सोडा. खूण मध्यात पडते की नाही हे मुख्यतः स्टडची जागा आणि रॉकरची लांबी ठरवते. पुशरॉडने साधायची ती खुणेची रुंदी. खूण सर्वांत अरुंद येते ती लांबी बरोबर, मग ती जरा बाजूला का असेना. टोकाच्या कडेला मात्र जाता कामा नये.

डायल गेज लावून पाहा. व्हॉल्व्ह उघडताना रोलर आधी बाहेर जातो, मग परत आत येतो. ही परत फिरण्याची जागा बरोबर अर्ध्या लिफ्टवर (व्हॉल्व्ह अर्धा उघडल्यावर) हवी. आधीच फिरला तर पुशरॉड लांब, उशिरा फिरला तर आखूड.

आणि हिशोबात फक्त हेड धरलंत. कॅम ग्राइंड केलाय का? सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडा) कापल्यात का?

प्रश्नकर्ता
दोन्ही केलंय. बेस सर्कलची (कॅमच्या न उचलणाऱ्या गोल भागाची) त्रिज्या 0.3 मिमी कमी झाली, स्टेम (व्हॉल्व्हच्या दांड्या) 0.4 वर आलेत.

उत्तर 1
मग ढोबळमानाने 0.5 वजा; लिफ्टर खाली गेला आणि स्टेम वर आले, म्हणून 0.3 आणि 0.4 अधिक. म्हणजे आखूड नव्हे, 0.2 लांबच! गॅस्केटची जाडी बदलली असेल तर तीही धरा. माप घेताना व्हॉल्व्हला हलकी स्प्रिंग लावा; मूळ स्प्रिंगखाली हायड्रॉलिक लिफ्टर दबतो आणि माप खोटं येतं.

उत्तर 2
रॉकर शाफ्टवर (सगळे एकाच आडव्या दांड्यावर) असते तर पुशरॉड बदलून ही भूमिती हललीच नसती, शाफ्टखाली शिम (पातळ चकत्या) घालाव्या लागल्या असत्या. तुमचे स्टडवर आहेत, बरं आहे.

प्रश्नकर्ता
हलक्या स्प्रिंगवर पुन्हा मोजलं. लिफ्ट 11 मिमी; साडेपाचच्या आसपास रोलर परत फिरला ती लांबी मूळ पुशरॉडच्या अगदी जवळ निघाली. खूण बारीक रेघेसारखी, अजून थोडी बाहेरच. आता ऑर्डर देऊ?

उत्तर 1
लिफ्टरचा प्लंजर (आतला दट्ट्या) पूर्ण वर असताना मोजलं असेल तर त्यात प्रीलोड (दट्ट्या जितका दाबून बसवायचा ते अंतर) मिळवा, लिफ्टर बनवणाऱ्याने सांगितलेला. ऑर्डरआधी पूर्ण लिफ्टवर पुशरॉड हेडच्या भोकाला घासतो का, रॉकर रिटेनरला (स्प्रिंगवरच्या टोपीला) टेकतो का, ते एकेका व्हॉल्व्हवर बघा. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडे वेगळं मोजा.