रिडक्टेजला 'क्षपणक' म्हणायचं का?

मधुमालती: पेट्युनियाच्या पाकळ्यांवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. डायहायड्रोफ्लॅव्होनॉल रिडक्टेज या विकराला (एन्झाइमला) 'क्षपणक' लिहिलं, संपादकांनी खोडलं. रिडक्शनला शाळेपासून क्षपण म्हणतो, मग चुकलं कुठे?

रानवाटा: क्षपणक स्वतः इलेक्ट्रॉन देतो आणि खर्ची पडतो. इथे ते काम पेशीतला एनएडीपीएच नावाचा रेणू करतो. विकर त्याची आणि कच्च्या मालाची गाठ घालून देतं आणि होतं तसंच सुटं होतं. 'क्षपण-विकर' लिहा, नाहीतर रिडक्टेजच ठेवा.

शब्दवेडा: शिवाय संस्कृतात क्षपणक म्हणजे दिगंबर भिक्षू, परंपरेने सांगितलेल्या विक्रमादित्याच्या नवरत्नांतही एक क्षपणक आहे. पण ते 'एज' शेपूट मराठीत कशाला हवं?

रानवाटा: ते शेपूट कामाचं आहे. १८३३ साली डायास्टेज हे विकर मिळालं, त्यावरून ही चाल पडली. सिंथेज, आयसोमरेज वाचलं की विकर आहे हे लगेच कळतं. 'संश्लेषक' वाचून कळत नाही.

मधुमालती: मग चाल्कोन सिंथेजला 'रंगनिर्माता विकर' चालेल?

ओवी: नको. ते कूमारॉइल-कोए नावाच्या एका रेणूला मॅलोनिल-कोएचे तीन रेणू जोडून पिवळं चाल्कोन बनवतं, बस. लाल-निळा रंग त्यापुढे कितीतरी पायऱ्यांनी येतो. तुमचं रिडक्टेज त्यातलीच एक पायरी. पेट्युनियातलं हे विकर डायहायड्रोकेम्फेरॉलला, म्हणजे भगव्या रंगाच्या कच्च्या मालाला, जवळजवळ हातच लावत नाही, म्हणून तिच्यात भगवा रंग नव्हता. १९८७ मध्ये मक्याचं जनुक घातलं तेव्हा विटकरी फुलं आली. काम एकच, पण कच्चा माल निवडण्याची खोड वेगळी. सगळ्यांना 'रंगनिर्माता' म्हटलं तर हा फरकच पुसला जातो.

शब्दवेडा: गोकर्णाच्या फुलांच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं होतं, तीही विकराचीच करामत ना?

ओवी: नाही, ती आम्लतेची. चार-पाच फुलं अर्धा कप उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. उष्णतेने विकरं निकामी होतात, तरी लिंबाच्या थेंबांनी रंग पालटतोच. चिमूटभर खायचा सोडा टाकला की तो उलट फिरतो. सोडा जास्त झाला तर हिरवट.

रानवाटा: म्हणून तर २००९ मध्ये जपानात विकायला आलेला 'निळा गुलाब' फिकट जांभळाच आहे. पॅन्सीच्या जनुकामुळे डेल्फिनिडिन हे निळसर रंगद्रव्य तयार झालं, पण गुलाबाच्या पाकळीतला रस आम्लधर्मी. मराठीत त्याला निळा म्हणणं चूक.

शब्दवेडा: चूक कसं? घननीळ कृष्ण सावळाच असतो ना! मराठीतला निळा पहिल्यापासूनच ऐसपैस आहे.

रानवाटा: काव्यात असू दे. फुलाच्या वर्णनात जांभळा तो जांभळाच.