डिफॉल्ट एक्सपोर्ट बंद करायचे का? इम्पोर्टच्या लिंट नियमांवर चर्चा

रामबागकर
आमच्या इंदूरच्या टीमकडे रिॲक्टचा एक जुना प्रोजेक्ट आहे, निम्मा जावास्क्रिप्ट, निम्मा टाइपस्क्रिप्ट (टाइपांची तपासणी करणारी जावास्क्रिप्ट). ईएसलिंट हे कोडमधल्या चुका दाखवणारं साधन; त्याच्या इम्पोर्ट प्लगइनचे, म्हणजे एका फाइलीने दुसरीतून कोड कसा घ्यावा याचे, नियम आता कडक करावेत, असं माझं मत. डिफॉल्ट एक्सपोर्ट (फाइलीतून बाहेर दिलेली एकच मुख्य गोष्ट) बंद, नो-सायकल (फाइलींचे इम्पोर्ट चक्रात फिरू नयेत, हा नियम) चालू, नियम मोडला तर बदल मुख्य कोडमध्ये मर्ज नाही. डिफॉल्ट घेताना जो तो मनाला येईल ते नाव देतो. तेच फंक्शन एका फाइलीत ‘फॉरमॅटडेट’, दुसरीत ‘डेटफॉरमॅट’, तिसरीत नुसतं ‘एफडी’. मग शोधत बसा. बोला, कुणाचा विरोध?

विजयनगर_रात्रपाळी
माझा. बंदी कशाला, भिया? रिॲक्टचं लेझी (घटक लागेल तेव्हाच लोड करणारं फंक्शन) डिफॉल्टच मागतं. नेक्स्ट या फ्रेमवर्कमधलं पान डिफॉल्ट, वीट या बिल्ड टूलची कॉन्फिग डिफॉल्ट. अपवादांची यादी नियमापेक्षा लांब होईल. शिवाय एअरबीएनबी कंपनीच्या ईएसलिंट कॉन्फिगमध्ये कित्येक वर्षं उलटा नियम होता: फाइलीतून एकच गोष्ट बाहेर जात असेल तर ती डिफॉल्ट ठेवा. गूगलचं स्टाइल गाइड म्हणतं, डिफॉल्ट वापरूच नका. पोह्यावर जीरावन मसाला किती, यावर कधी कुणाचं एकमत झालंय का?

सीआयवाली_लोकमान्यनगर
नावांवरून भांडा हवं तेवढं, पण नो-सायकलला त्यात ओढू नका. तो आवडीनिवडीचा प्रश्न नाही. पहिली फाइल दुसरीकडून काही घेते आणि दुसरी पहिलीकडून. २०१५ च्या मानकात आलेल्या ईएस मॉड्यूलमध्ये हे पुष्कळदा निभावतं, कारण फंक्शन नंतर बोलावलं जातं तोवर सगळं लोड झालेलं असतं. पण लोड होतानाच समोरच्या फाइलीतला कॉन्स्ट वापरलात की रेफरन्स एरर. कॉमनजेएस या जुन्या मॉड्यूल पद्धतीत तर अर्धवट भरलेलं ऑब्जेक्ट हाती पडतं, अनडिफाइंड गुपचूप पुढे सरकतं आणि चूक भलत्याच फाइलीत फुटते. एंट्री फाइल बदलली की लोड होण्याचा क्रम बदलतो, त्यामुळे टेस्ट पास आणि बिल्ड कोसळलेलं, असंही होतं.

बहुतेक वेळा याच्या मुळाशी बॅरल फाइल असते. फोल्डरमधलं सगळं इंडेक्समधून बाहेर काढायचं आणि त्याच फोल्डरमधल्या घटकाने शेजाऱ्याला इंडेक्समार्फत हाक मारायची. झालं चक्र तयार. शेजाऱ्याकडून थेट घ्या ना!

विजयनगर_रात्रपाळी
मान्य, पण नो-सायकल सगळा इम्पोर्टचा आलेख पिंजून काढतो. मोठ्या रेपोत एडिटर अडखळायला लागतो. टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटवालेच (ईएसलिंटला टाइपस्क्रिप्टशी जोडणारा प्रकल्प) सांगतात की असले जड नियम सीआयमध्ये, म्हणजे कोड पाठवल्यावर सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या तपासणीत, चालवा. आणि नेम्ड (मागितलेलं नाव त्या फाइलीत आहे का), नो-अनरिझॉल्व्ड (ती फाइल सापडते का) हे नियम बंद ठेवा, असाही त्यांचा सल्ला आहे, कारण ते काम टाइपस्क्रिप्ट आधीच करतं. दुहेरी तपासणी कशाला?

रामबागकर
अहो, निम्मा प्रोजेक्ट जावास्क्रिप्ट आहे, तिथे टाइपस्क्रिप्टची तपासणी चालूच नाही. विंडोजवर फाइलीच्या नावात कॅपिटल-स्मॉलची गडबड खपून जाते. लिनक्स सर्व्हरवर तोच इम्पोर्ट सापडत नाही. नो-अनरिझॉल्व्ड ते आधीच पकडतो.

सीआयवाली_लोकमान्यनगर
हो, पण पाथचे अलियास (फाइलींच्या लांब पत्त्यांची छोटी नावं) वापरत असाल तर ती नावं खऱ्या फाइलीशी जोडणारा रिझॉल्व्हर आधी नीट बसवा. नाहीतर चांगल्या इम्पोर्टखालीही लाल रेघा येतील आणि पोरं नियम डिसेबल करणारी कमेंट टाकून मोकळी होतील. मग नियम असून नसल्यासारखाच.

माझं मत विचाराल तर नो-सायकल फक्त सीआयमध्ये, पण तिथे एररच. वॉर्निंग कुणी वाचत नाही. जुन्या एररचा ढीग ईएसलिंट ९.२४ पासून एका फाइलीत नोंदवून बाजूला ठेवता येतो, त्यामुळे अडेल ती नवी चूक. नो-अनरिझॉल्व्ड जावास्क्रिप्टच्या फाइलींपुरता.

विजयनगर_रात्रपाळी
एवढं चालेल. डिफॉल्टची बंदी मात्र त्याच पीआरमध्ये (बदल मर्ज करण्याच्या विनंतीत) घुसडू नका.

रामबागकर
वेगळा पीआर टाकतो. पानं आणि कॉन्फिग वगळून, पण टाकणार नक्की. तिथे या भांडायला.